फॉर्मवर नसलेली आत्या

मी नेमकं काय काम करते, हे रियाधमधल्या आपल्या मराठी मंडळींना बावीस वर्षांत धड कळलेलं नाही. कुणाच्या घरी गणपतीच्या आरतीला जमलो की प्रसादाच्या वाटीबरोबर कुणीतरी कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट पुढे करणारच. "वहिनी, जरा बघा ना, तुम्ही लॅबवाल्या." मी बघते. कोलेस्टेरॉल बघायला लॅबवाली लागत नाही, लाल अक्षरांत लिहिलेलं असतं आणि समोरच्याचं पोट दिसत असतं. पण माझं काम ते नव्हे. माझं काम जुळणी करण्याचं. एकदा हे सांगितलं तर एका काकूंनी भाचीची पत्रिका आणून दिली.

तर आधी तेवढं सांगून टाकते. आपल्या प्रत्येक पेशीवर शरीराची ओळख पटवणाऱ्या खुणा असतात. शरीराचे पहारेकरी त्या खुणा बघून ठरवतात, हा आपला, हा परका. या खुणा ज्या जनुकांमुळे ठरतात त्यांना एचएलए म्हणतात. माणसांमध्ये ही जनुकं इतक्या तऱ्हांची आहेत की रस्त्यावरच्या दोघांची जुळणं हा योगच. आणि कुणाला दुसऱ्याची अस्थिमज्जा द्यायची, म्हणजे हाडातला रक्त तयार करणारा गर द्यायचा, तर हे जुळावं लागतं. नाहीतर पाहुणा आणि घर यांचं भांडण होतं, आणि त्यात माणूस जातो.

ही जनुकं एकेकटी येत नाहीत, संचानं येतात. प्रत्येकाकडे दोन संच, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. लॅबमधल्या नव्या मुलींना शिकवताना मी गळ्यातलं मंगळसूत्र दाखवायची. एक वाटी माहेरची, एक सासरची, दोन्ही मिळून एक दागिना. केरळच्या मुली हसायच्या, त्यांच्या ताळीला, म्हणजे मंगळसूत्राला, वाट्या नसतात. पण लक्षात राहायचं. आईच्या दोन संचांतला कुठला येईल आणि वडिलांच्या दोनांतला कुठला, हे नशिबावर. म्हणून सख्ख्या भावंडांतही पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक.

हे काम मी रियाधच्या एका मोठ्या हॉस्पिटलात केलं. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. मूळची मी मिरजेजवळच्या गावची. नवऱ्याला रियाधच्या ओलाया भागातल्या एका बँकेत कॉम्प्युटरची नोकरी लागली म्हणून आले, आणि दोन वर्षं घरात बसून भिंतीशी बोलल्यावर या लॅबमध्ये चिकटले. तिथे सगळे मला 'डॉक्टरा', म्हणजे अरबीत डॉक्टरीणबाई, म्हणायचे. मी डॉक्टर नाही. पहिली दोन वर्षं मी ते दुरुस्त केलं, मग खलास, सोडून दिलं.

एक नियम मात्र मी कधी सोडला नाही. कुटुंबाचे नमुने मी स्वतः काढायचे. इथे एका घरात आजोबा मोहम्मद, नातू मोहम्मद आणि मधला अहमद बिन मोहम्मद. जांभळ्या झाकणाच्या दोन नळ्यांची अदलाबदल झाली तर जुळणारा भाऊ बाद आणि न जुळणारा टेबलावर. म्हणून मी वर वॉर्डात जायची, प्रत्येकाला नाव विचारायची, जन्मतारीख विचारायची, नातं विचारायची आणि मगच सुई उचलायची. लोक वैतागायचे. पूर्व किनाऱ्यावरच्या कतीफचे एक कोळी बाबा होते, मुलाला सिकलसेल हा रक्ताचा आजार म्हणून सात भावंडांना घेऊन आलेले. सातव्या मुलाच्या वेळी ते म्हणाले, "डॉक्टरा, एवढी चौकशी मी जावयाचीही केली नव्हती." त्यांचा पाचवा मुलगा जुळला. पुढच्या महिन्यात पूर्वेकडून बर्फाची पांढरी पेटी लॅबला आली, नमुने समजून मी हातमोजे घालून उघडली, तर आत दोन मोठे हमूर मासे, डोळे वटारून माझ्याकडे बघत. रजिस्टरला नोंद करावी का, असा प्रश्न आमच्या फिलिपिनो ज्युनियरला पडला होता.

आता कुर्द. हा शब्द मला माझ्या नवऱ्याच्या न्हाव्यानं शिकवला.

रियाधच्या बत्हा बाजारातल्या एका गल्लीत एक दुकान होतं, तिथे हे केस कापायला जायचे. मालक तुर्की म्हणून ओळखला जायचा. एकदा हे घरी येऊन म्हणाले, "बिचाऱ्याचं तोंड आलंय, महिना झाला बरं होत नाही. डोळेही लाल." मी भाजी बाजूला ठेवली. तोंड येणं आणि डोळे लाल होणं एकत्र आलं की आमच्या धंद्यातल्या माणसाला एक आजार आठवतो, बेहसेत. जपानपासून भूमध्य समुद्रापर्यंत जो जुना व्यापारी रस्ता गेला, त्याच्या काठानं हा आजार जास्त दिसतो. तुर्कस्तान, इराण आणि मधल्या डोंगरांतल्या लोकांत तर चांगलाच. एचएलएतली बी-एक्कावन्न नावाची एक तऱ्हा असेल तर त्याची शक्यता वाढते. तऱ्हा असली म्हणजे आजार होतोच असं नाही आणि नसली म्हणजे सुटलात असंही नाही, पण डॉक्टरला दिशा मिळते. मी यांना म्हटलं, "उद्याच त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवा, दाढी नंतर करा." महिन्याभरानं त्याचा नमुना माझ्याच टेबलावर आला. बी-एक्कावन्न होती. एका डोळ्याची नजर अधू झाली, दुसरा औषधांनी वाचला.

पुढे मी यांच्याबरोबर दुकानापाशी गेले होते तेव्हा तो बाहेर येऊन म्हणाला, "मॅडम, तुमच्या कागदावर मला तुर्की लिहिलंय. मी कुर्द आहे." मी म्हटलं, कागद पासपोर्टवरून भरतात. तो म्हणाला, "मग रक्त कशाला घेता? पासपोर्टच तपासा."

बोलणं लागलं मला ते. कारण खरं होतं. कुर्द चार देशांत वाटले गेलेले, तुर्कस्तान, सीरिया, इराक, इराण. अस्थिमज्जा द्यायला तयार असलेल्या लोकांच्या ज्या याद्या जगभर असतात, त्यांत त्यांची नोंद बहुतेक देशाच्या नावाखाली होते. आता कुर्दांची काही वेगळी जनुकं असतात असं मुळीच नाही. शेजाऱ्यांशी त्यांचं पुष्कळ मिळतं, हजारो वर्षांचा शेजार आहे. पण कुठली तऱ्हा कुठल्या तऱ्हेबरोबर एका संचात येते, त्यात डोंगरातल्या लोकांचे काही आपले मेळ असतात, आणि असे मेळ यादीत थोडे असले की त्या माणसाला दाता मिळणं अवघड. मागे एका पार्टीत एक गृहस्थ मला विचारत होते, "म्हणजे वहिनी, रक्तातून आपली जात कळते?" मी म्हटलं, "नाही हो, फक्त कुणाचं कुणाला चालेल ते कळतं, आणि ते ऐकून तुमची झोप उडेल." ते प्लेट घेऊन दुसरीकडे सरकले.

एवढं सगळं मला माहीत होतं. तरी रोजिनच्या वेळी मी चुकले.

रोजिन अकरा वर्षांची होती. तिच्या हाडांतला गर रक्त तयार करायचंच विसरला होता. अॅप्लास्टिक अॅनिमिया म्हणतात त्याला. दर थोड्या दिवसांनी रक्ताची बाटली, प्लेटलेटची पिशवी. आणि यातली मेख अशी की प्रत्येक बाटलीबरोबर शरीर परक्याला ओळखायला शिकतं, मग पुढे मज्जा दिली तर ती झिडकारण्याची भीती वाढत जाते. म्हणजे जे आज जगवतं तेच उद्याचा रस्ता अडवतं. घाई होती.

वडील अबू शियार, म्हणजे शियारचे बाबा, सीरियातले कुर्द. रियाधच्या औद्योगिक भागात गाड्यांच्या सीटा शिवायचं त्यांचं दुकान होतं. बोटांना सुयांचे घट्टे. मी सुई काढली की माझ्याकडे धंद्यातल्या माणसासारखे बघायचे. आई नस्रीन, अगदी कमी बोलणारी. शियार आणि त्याच्याहून धाकटा असे रोजिनचे दोन भाऊ. मी चौघांचं रक्त घेतलं. निकाल आला तेव्हा मी स्क्रीनकडे बघत बसले. दोन्ही भाऊ एकमेकांशी दहापैकी दहा खुणांत जुळत होते, आणि रोजिनशी त्यांतला एकही नाही. नशिबाला कधीकधी चेष्टा सुचते आणि ती कुणाला हसवत नाही.

मग आमच्या पद्धतीप्रमाणे पुढचा फॉर्म. हा फॉर्म इथल्या रीतीवर बेतलेला आहे. इथे चुलत भावंडांत लग्नं होतात, त्यामुळे संच घराण्यातच फिरत राहतात आणि सख्खं कुणी जुळलं नाही तरी चुलत्यांत जुळणारा सापडतो. जगातल्या इतर लॅबना हे सुचत नाही, आम्हाला सुचतं, याचा आम्हाला अभिमान. फॉर्मवर पहिला रकाना काकांचा, दुसरा काकांच्या मुलांचा. अबू शियारना मी विचारलं, भाऊ किती? दोन. मुलं? सात. सगळे रियाधमध्येच. सातही तपासले. नाही. "आणखी कुणी नातेवाईक?" असं मी विचारलं ते उभ्या उभ्या, पेन बंद करताना. ते म्हणाले, "बस, एवढेच." मी 'कुटुंबात दाता नाही' यावर सही केली.

याद्यांत शोध सुरू झाला. युरोपातलं एक नाव वरवर जुळलं, बारीक तपासणीत बाद झालं. वडिलांकडून अर्ध्या जुळणीवर रोपण करायचा मार्ग होता, पण डॉक्टर तो शेवटचा ठेवत होते. यात सहा आठवडे गेले. त्या सहा आठवड्यांत रोजिनला दोनदा ताप चढला, एकदा तर इतका की तिला अतिदक्षता विभागात हलवलं. ते सहा आठवडे माझ्या सहीचे आहेत. कुणी मला बोललं नाही, कारण कुणाला कळलंच नाही.

तापातून उठल्यावर मी तिचा नमुना घ्यायला गेले होते. आई उशाशी बसली होती. बोलायचं म्हणून मी विचारलं, "मुलीला भेटायला कुणी येतं का? आत्या, मावशी?"

"मावशी नाही. आत्या आहे एक, गुलिस्तान. सीरियात गावाला असते, तिच्या आईवडिलांकडे."

"लग्न नाही झालं तिचं?"

नस्रीननं दाराकडे पाहिलं. नवरा बाहेर होता. "झालं होतं. माझ्या भावाशी."

मी हातातली नळी ट्रेमध्ये ठेवली. मी विचारलं, "आणि तुम्ही तिच्या भावाला दिलेल्या? एकाच मांडवात?"

"एकाच दिवशी," ती म्हणाली. "आमच्यात असतं. ती इकडे, मी तिकडे. कुणी कुणाला काही द्यायचं नाही, मुलीच्या बदल्यात मुलगी. तुम्हाला कसं माहीत?"

मला कसं माहीत! माझी आत्या हीच माझी मामी. आमच्याकडे त्याला साटंलोटं म्हणतात. माझ्या आईला बाबांच्या घरी दिली आणि बाबांच्या बहिणीला मामाच्या घरी. मामाकडे भांडण झालं की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आईच्या ताटात वाढताना घरच्यांचा हात आखडायचा, तिचा काही दोष नसताना. आणि मामाची मुलं आणि आम्ही भावंडं इतकी सारखी दिसायचो की शाळेत मास्तर एकाच्या नावानं दुसऱ्याला मारायचे. म्हणजे ज्या घरात मी जन्मले त्याच घराची रीत समोर होती, आणि मी सौदी चुलत्यांचे रकाने भरत बसले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

ज्यांना हिशेब हवा त्यांच्यासाठी. रोजिनचा एक संच वडिलांकडून आलेला, तोच वडिलांच्या बहिणीतून तिच्या मुलांत उतरलेला असू शकतो. दुसरा संच आईकडून, तो आईच्या भावातून त्याच मुलांत. साध्या आते-मामे भावंडांत एकच बाजू मिळते, साटंलोट्याच्या मुलांत दोन्ही. सोळात एक संधी. सोळात एक म्हणजे काही फार नव्हे, पण आमच्या हातात तेव्हा शून्य होतं.

"त्यांना मुलं किती?"

"चार. माझ्या भावाकडे असतात. दम्मामला."

दम्माम! गाडीनं चार-पाच तासांवर. मी म्हटलं, "अहो, मग सांगितलं का नाही?"

तेव्हा तिनं बाकीचं सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी तिच्या भावानं, सरबस्तनं, गुलिस्तानला माहेरी पाठवून दिलं. कारण काय, तर दोघांचं पटेना. मुलं बापाकडे राहिली. आता रीत अशी की तुम्ही आमची परत पाठवली, तर आम्ही तुमची परत पाठवणार. म्हणजे नस्रीनला माहेरी परत धाडायला हवं होतं. दोन वर्षांची रोजिन मागे ठेवून. अबू शियारनी ऐकलं नाही. त्यांच्या सख्ख्या भावांनी त्यांच्याशी अबोला धरला, की बहिणीचा अपमान गिळलास आणि बायकोला कवटाळून बसलास. मध्यंतरी मुलांना तपासायला आणलं तेव्हाच ते पहिल्यांदा दारात आले होते. तिकडे सरबस्तलाही तोंड दाखवायची लाज. गुलिस्तानला पाठवलं त्या दिवसापासून दोन घरांत शब्द नाही.

"ते त्याचं नाव घेऊ देत नाहीत घरात," नस्रीन म्हणाली. "मी त्यांच्याजवळ कशी बोलू? त्यांनी मला ठेवलं ना."

दातही आपले, ओठही आपले, चावला तर सांगायचं कुणाला.

मी सरळ दम्मामला फोन लावू शकत नव्हते. दात्याला आम्ही गाठायचं नसतं, कुटुंबानं सांगायचं असतं आणि त्यानं स्वतःहून यायचं असतं. मी गेले हेस्साकडे. हेस्सा आमची रोपण समन्वयक, सौदी, चाळिशीची, दिवसाला सहा कप कडक दुधाचा करक चहा पिणारी आणि कुणाचंही ऐकून न घेणारी. तिनं अबू शियारना बोलावलं. मी कोपऱ्यात उभी राहिले.

"तुमच्या बहिणीच्या मुलांना तपासायचंय," ती म्हणाली.

ते म्हणाले, "त्या माणसाच्या दारात मी जाणार नाही."

"ठीक. नका जाऊ. फोन करा."

"फोनही नाही."

हेस्सानं कप ठेवला. "अबू शियार, मी तुम्हाला जोर करू शकत नाही, तसा नियम आहे. पण उद्या मुलीनं विचारलं की तू कुठे कुठे शोधलंस, तर यादी वाचून दाखवावी लागेल. ती तयार ठेवा."

ते माझ्याकडे वळले. "डॉक्टरा, तुम्ही सही केली होती ना, कुटुंबात कुणी नाही म्हणून?"

केली होती. मी म्हटलं, "माझं चुकलं. मी नीट विचारलं नाही." त्या खोलीत हे बोलायला मला जड गेलं, कारण इतक्या वर्षांत असं कुणासमोर बोलायची वेळ आली नव्हती. ते आपल्या घट्टे पडलेल्या बोटांकडे बघून म्हणाले, "विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं." आणि उठून गेले.

शुक्रवारी ते एकटे दम्मामला गेले. पुढचं मला नस्रीननं सांगितलं. सरबस्तनं दार उघडलं. दोघं उंबरठ्याच्या अलीकडे पलीकडे उभे. अबू शियार म्हणाले, "रोजिनला मज्जा हवीय." सरबस्तनं एवढंच विचारलं, "कितीजणांना घेऊन येऊ?" चहा झाला नाही, नऊ वर्षांचा हिशेब झाला नाही. रविवारी चारही मुलं बापाबरोबर लॅबबाहेरच्या बाकावर हजर होती.

मी प्रत्येकाला नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, नातं विचारलं. यावेळी पेन बंद करायची घाई केली नाही.

थोरली झीलान जुळली. एकोणीस वर्षांची, दम्मामला शिकत होती. दहापैकी दहा. मी तपासणी पुन्हा लावली, कारण आनंदावर माझा विश्वास नाही. पुन्हा दहा.

दात्याची मुलाखत एकांतात होते, घरचं कुणी नसतं. हेस्सा विचारणार आणि मी जुळणी समजावून सांगणार. झीलान ताठ बसली होती, हात मांडीवर. हेस्सानं ठरलेले प्रश्न विचारले. कुणी जबरदस्ती केली का? नाही. भीती वाटते का? थोडी, सुईची. नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हण, आम्ही बाहेर फक्त 'वैद्यकीय कारण' सांगू. नाही म्हणायचं नाहीये. मग शेवटचा प्रश्न, बदल्यात कुणी काही देऊ केलंय का, किंवा तू काही मागितलंयस का?

ती पहिल्यांदा हसली, पण ते हसू बघवेना. "बदल्यात?" ती म्हणाली. "आमच्या घरात बदल्यात देण्याघेण्यानंच सगळं झालंय. बदल्यात काही नको. हे मी नुसतं देतेय."

हेस्सानं मान खाली घालून फॉर्मवर काहीतरी लिहिलं. काय ते मी बघितलं नाही, माझेच डोळे भरले होते. झीलाननं सही केली.

निघताना तिनं मला दारापाशी विचारलं, "डॉक्टरा, हे जे जुळलं, ते माझ्यात कुणाकडून आलंय? बाबांकडून?"

"अर्धं बाबांकडून, अर्धं आईकडून."

"म्हणजे आईचं अर्धं नसतं तर रोजिनला उपयोग नव्हता?"

"नव्हता."

ती मान हलवून गेली. आईला पाहून तिला नऊ वर्षं झाली होती.

रोपण महिनाभरानं झालं. त्यानंतरचे दिवस वाट बघण्याचे असतात, त्यात आम्हा लॅबवाल्यांचं काम एकच. दर काही दिवसांनी रोजिनच्या रक्तात तिच्या स्वतःच्या पेशी किती आणि झीलानच्या किती, ते मोजायचं. सुरुवातीला आकडा रेंगाळला. मध्ये एकदा पुरळ उठलं आणि डॉक्टरांचे चेहरे बदलले. मग हळूहळू चढत गेला, आणि एका सकाळी रिपोर्टवर सगळ्या पेशी झीलानच्या होत्या. मी तो कागद घेऊन लिफ्टची वाट न बघता जिन्यानं वर गेले, गुडघे दुखत असताना. रोजिनला सांगितलं, तुझं रक्त आता तुझी ताई बनवते. तिनं विचार करून विचारलं, "मग मी तिच्याएवढी उंच होणार?" मी म्हटलं, उंचीचं मी बघत नाही, पण तुझा रक्तगट मात्र तिचा झालाय. तेवढ्यावर ती खूश झाली. आज ती शाळेत जाते. अबू शियारनी माझ्या गाडीच्या सीटा शिवून देऊ का म्हणून दोनदा विचारलं. मी नको म्हटलं, नियम आहे.

नियमाचं नाव काढलं म्हणून एक सांगते. हे मी हेस्सालाही सांगितलेलं नाही, ती वाचणार नाही कारण तिला मराठी येत नाही.

झीलाननं सही केली आणि कागद फाइलला लागला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तपासणीच्या मागणीपत्रावर एक ओळ वाढवली. 'संचांच्या खात्रीसाठी दात्याच्या आईचा नमुना आवश्यक.' सहीच्या आधी लिहिली असती तर ती लाच झाली असती, म्हणून एक दिवस थांबले. असा नमुना घेतात कधीकधी, नाही असं नाही. पण इथे बाप, चार मुलं आणि पलीकडचं अख्खं घर तपासून झालं होतं. दुपारी मी अबू शियारना सांगितलं की बहिणीला बोलवावं लागेल. त्या ओळीच्या जोरावर हॉस्पिटलनं पत्र दिलं, पत्राच्या जोरावर व्हिजिट व्हिसा झाला आणि रोपणाच्या आधीच्या आठवड्यात गुलिस्तान आली.

अबू शियार तिला लॅबमध्ये घेऊन आले. काळी अबाया, हातात औषधांच्या दुकानाची पिशवी, चेहरा उन्हानं रापलेला. नमुना घेताना नातं सिद्ध करायला दाता समोर असावा लागतो, असंही मी सांगितलं होतं. तेही तसं लागत नाही. झीलान खुर्चीत बसलेली होती. ती उठली. आईनं जवळ जाऊन आधी तिची उंची बघितली, मान वर करून, मग दोन्ही हातांनी तिचे कान चाचपले. लहानपणी टोचलेल्या जागा शोधत असावी. मी पाठ फिरवून कपाटातल्या नळ्या मोजल्या. भरपूर होत्या, तरी पुन्हा मोजल्या.

मग मला माझं काम करायलाच हवं होतं. मी विचारलं, "तुमचं नाव?"

"गुलिस्तान."

"दात्याशी नातं?"

तिनं मुलीचा हात सोडला नव्हता. दुसरा हात तिनं माझ्यापुढे केला आणि म्हणाली, "आई."

मी रक्त घेतलं, नळीवर चिठ्ठी लावली, तपासणी पूर्ण केली. आयुष्यात केलेली एवढी एकच तपासणी अशी, जिच्या रिपोर्टात मला आधी माहीत नव्हतं असं एक अक्षरही नव्हतं. मी त्याच्यावर सही केली.